नलूच्या हातची पेज

मुकुटबनजवळच्या त्या गावात कापूस वेचणी भरात आली होती. बाया वावरांकडे निघाल्या, तेव्हा बबिता ओसरीवर वडिलांचे पाय चेपत बसली होती. गोविंदाच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. तोवर हलकं, मऊ अन्न द्यायला सांगितलं होतं. भाताची पेज करायची नलू, गोविंदाची धाकटी बहीण. नवरा वारल्यावर ती माहेरी परतली होती. बबिताची आई गेल्यावर दोन्ही लेकरं तिनेच वाढवली.

बबिताचा भाऊ कपिल वडिलांच्या काळजीने एका भगताकडे जाऊन आला. भगताने तांदूळ टाकून सांगितलं, की घरातलीच कुंकू नसलेली बाई आतडं खाते आहे. ती बाहेर गेल्याशिवाय रोगी ऑपरेशनच्या टेबलावरून उठणार नाही. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. नळावर नलू आली की बाया घागरी उचलून निघून जाऊ लागल्या.

बबिताला गावातली मथुराबाई आठवू लागली. बबिता लहान असताना गावाने मथुराबाईलाही करणी करणारी ठरवलं होतं, आणि थोड्याच दिवसांत ती पांदणीच्या शेतवाटेवरच्या विहिरीत मेलेली सापडली होती. त्या विहिरीचं पाणी नंतर कोणी प्यालं नाही, अन् तिचं नावही कोणी काढलं नाही. आता घरात जरा शांत झालं, की बबिता दचकून आत्याला हाक मारायची.

सगळ्यात वाईट म्हणजे, नलूलाही ते खरं वाटू लागलं. ती आपलेच हात न्याहाळत बसायची. एके सकाळी तिने चूल पेटवलीच नाही.

"तूच कर माय पेज," ती बबिताला म्हणाली. "माह्या हातातच काही असंन तं?"

दवाखान्यात निघायच्या दिवशी नलू घरात दिसली नाही. बबिता अनवाणीच पांदणीने धावली. नलू त्याच विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसली होती. बबिताने तिला मागून घट्ट धरलं आणि घरी आणलं.

दारात गाडी उभी होती. कपिलने आत्याची पिशवी बांधून ठेवली होती. तिला दूरच्या नातेवाइकाकडे धाडायचं त्याने ठरवलं होतं. गोविंदाला हे सारं तेव्हा कळलं. तो भिंत धरत उठला आणि चुलीपाशी जाऊन बसला.

"नलू, पेज टाक. तुह्या हातची खाल्ल्याबिगर मी गाडीत बसत नाही." मग तो पोराकडे वळला. "मेलो तं माह्या रोगानं मरीन. हिचं नाव घेतलं, तं मले खांदा देऊ नोको."

नलूने रडतच पेज केली. बबिताने तिला त्याच गाडीत आपल्याजवळ बसवून नेलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. गोविंदा घरी आला. बाया नलूशी पुन्हा बोलू लागल्या, पण म्हणत, की कपिलने भगताकडून आणून उशाखाली ठेवलेल्या ताइताचा गुण आला.

एका संध्याकाळी तांदूळ निवडताना नलूने विचारलं, "बबिता, दादा गेला असता तं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बबिता आत्याला घेऊन पोलीस ठाण्यात भगताविरुद्ध तक्रार द्यायला निघाली. भगताचे शब्द कपिलनेच ऐकले होते. साक्ष त्याचीच लागणार होती. तो दारात उभा होता. बबिता त्याच्यासाठी थांबली. बऱ्याच वेळाने तो मान खाली घालून चप्पल शोधू लागला.