नऊ नंबरची इस्त्री

“एक डाग दाखव. एकच. दाखवलास तर मिशी उतरवून टाकतो,” काका म्हणाले आणि त्यांनी नऊ नंबरची पांढरी चड्डी दरवानाच्या नाकासमोर धरली.

दरवानाने चष्मा कपाळावर चढवून ती उलटीपालटी करून पाहिली. बाहेर पावसाने मैदानाचा नुसता राडा झाला होता. बाकी दहा जणांचे कपडे टोपलीत असे पडले होते, की कोणता कोणाचा ते धुतल्याशिवाय कळलं नसतं. ही चड्डी मात्र नुकतीच दुकानातून आणल्यासारखी होती.

“खाली बसलाच नाही म्हणायचा कुठे,” दरवान म्हणाला.

“बसायला आधी पडावं लागतं. पडायला पळावं लागतं. आणि पळायला आतून काहीतरी जळावं लागतं. याला काय, लग्नाला आल्यासारखा येतो आणि जेवून जातो.”

दरवान हसला. काकांना हसू आलं नाही. संघ त्या दिवशी पुन्हा हरला होता, तोही घरच्या मैदानावर, तोही तळाच्या संघाकडून.

काका म्हणजे क्लबच्या धुलाईखोलीचे सर्वेसर्वा. त्या खात्यात दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे शिपाई तेच आणि साहेबही तेच. अख्खा क्लब त्यांना काका म्हणायचा, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला दरवानसुद्धा. क्लब मुळात एका कापडगिरणीच्या कामगारांनी काढलेला. गिरणी कधीच बंद पडली, पण कपडे अजून जाड सुतीच होते. दुसऱ्या संघांचे कपडे मशीनमध्ये टाकले की झालं. काकांना मात्र भिजवणं, घासणं, पिळणं सगळंच करावं लागे. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. धुलाईखोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या पोटात होती आणि तिला एक बुटकी खिडकी होती, थेट मैदानाच्या गवताला टेकलेली. तिथे स्टूल ओढून बसलं, की खेळाडूंचे बूट अगदी हाताच्या अंतरावरून पळताना दिसत. अध्यक्षांच्या खुर्चीवरूनसुद्धा इतकं जवळून दिसत नाही, असं काका सगळ्यांना ऐकवत. इतक्या वर्षांत घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता. स्वतःच्या मेव्हण्याच्या लग्नाला ते अक्षता पडल्यावर पोचले होते, आणि बायकोने ते अजून विसरलेलं नव्हतं.

मेव्हणाही विसरला नव्हता. तो शेजारच्या शहराच्या संघाचा चाहता. यंदा काकांचा संघ गडगडायला लागला तसा तो दर रविवारी संध्याकाळी फोन करू लागला. “काय दाजी, तब्येत बरी आहे ना?” एवढंच विचारायचा आणि ठेवून द्यायचा. काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

यंदा संघाचं ग्रहमानच फिरलं होतं. बचाव फाटका, गोलकीपरला आत्मविश्वास नाही, कोच उंटावरून शेळ्या हाकणारा. पण काकांनी या सगळ्यांना माफ केलं होतं, कारण त्यांचे कपडे मळत होते. राग होता तो एका नऊ नंबरवर. गेल्या वर्षी याच पोराने गोलांचा पाऊस पाडला, तेव्हा काकांनी त्याची जर्सी वेगळ्या पाण्यात धुतली होती. यंदा हिवाळ्यात एका सामन्यात रिकाम्या गोलसमोर त्याचा चेंडू बाहेर गेला, सगळं मैदान त्याच्यावर तुटून पडलं, आणि तेव्हापासून हा गडी मधल्या रेषेच्या आसपास नुसता उभा. चेंडू डावीकडे गेला की हा उजवीकडे. जणू चेंडूचं देणं लागत होता.

“याला मी धूतच नाही,” काका म्हणाले.

“कोणाला?”

“या कपड्यांना. मळलेच नाहीत तर धुवायचे कशाला? आहेत तसे खुंटीवर टांगतो. घाल म्हणावं स्वतःचाच वास.”

दरवानाला वाटलं, काका रागात बोलताहेत. पण काकांनी खरोखरच तसं केलं. शुक्रवारी सगळ्यांचे धुतलेले कपडे खुंट्यांवर गेले आणि नऊ नंबरचे न धुता. पुढच्या आठवड्यातही तेच. त्याच्या पुढच्याही आठवड्यात तेच. रोज काका वाट बघत, की आता तक्रार येईल, आता मॅनेजर बोलावील, आणि मग आपण सगळ्यांसमोर सांगू, की साहेब, यात धुण्यासारखं काय आहे ते तुम्हीच दाखवा. वाक्य तोंडपाठ होतं. पण तक्रार आलीच नाही. नऊ नंबर येई, खेळे म्हणजे उभा राही, आणि जाई.

“गेंड्याची कातडी आहे मेल्याची,” काका घरी म्हणाले. “वाससुद्धा येत नाही त्याला.”

“मग सोडून द्या,” बायको म्हणाली. ती टेबलावर भाजी निवडत बसली होती. “पालथ्या घड्यावर पाणी कशाला ओतताय?”

“सोडत नाही. त्याची जिरवल्याशिवाय मला झोप लागायची नाही. आपल्याकडे मैदा किती आहे?”

बायकोने मान वर केली. काकांनी सांगितलं. शेवटचा सामना या रविवारी. नुसती बरोबरी झाली तरी संघ वरच्या गटात टिकणार होता. हरला तर खालच्या गटात, जिथे संघ कधीच गेला नव्हता. मैदान भरून वाहणार. तर त्या दिवशी नऊ नंबरच्या कपड्यांना घट्ट खळ घालायची, हेडक्लार्कच्या सदऱ्याला घालतात तशी. वर कडक इस्त्री. चड्डीला अशी धार, की बोट कापावं. बाकी दहा जण मऊ कपड्यांत आणि हा एकटा हापिसात निघाल्यासारखा कडकडत मैदानात उतरणार. सगळ्यांना कळेल, हा खेळायला येत नाही, हजेरी लावायला येतो.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आपलेच दात, आपलेच ओठ. जिरवायचीच तर सोमवारी जिरवा ना. एवढा सामना होऊन जाऊ द्या.”

“सोमवारी कपडे कोण घालणार आहे?”

“तुम्हाला तो जिंकायला हवाय की रडायला?”

“दोन्ही,” काका म्हणाले, आणि मैद्याचा डबा घेऊन गेले.

रविवारी सकाळी काकांनी जन्मात केली नव्हती एवढी मन लावून इस्त्री केली. खळ गाळून घेतली, गुठळी राहू दिली नाही. जर्सीच्या बाह्यांना घड्या पाडल्या. चड्डीची धार डोळ्यासमोर धरून तपासली आणि स्वतःशीच मान डोलावली. कोणाला बदलायला वेळ मिळू नये, म्हणून अगदी शेवटी, खेळाडू बूट बांधायला बसले तेव्हा, ते कपडे नेऊन खुंटीवर अडकवले. नऊ नंबरने त्यांच्याकडे पाहिलं. काका चटकन बाहेर पडले आणि पोटात गुदगुल्या होत असल्यासारखे दरवानाकडे गेले. “आज गंमत बघ,” म्हणाले आणि त्याला सगळं सांगून टाकलं. दरवानाच्या पोटात तीळ भिजत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून तर सांगितलं.

संघ मैदानात उतरला. पहिलं हसू काकांच्या डोक्यावरच्या पायऱ्यांवर फुटलं. मग ते मैदानभर फिरलं. नऊ नंबरची चड्डी दोन्ही बाजूंनी पत्र्यासारखी उभी होती आणि उन्हात जर्सीला चकाकी आली होती. दरवानाने आपलं काम चोख केलेलं दिसत होतं, कारण पाच मिनिटांत वरून आरोळी सुरू झाली, “इस्त्री! इस्त्री!” त्याच्या पायाला चेंडू लागला की “इस्त्री”. नाही लागला तरी “इस्त्री”. काका खिडकीशी बसून मांडीवर थापा मारत होते. महिनोन्‌महिने छातीत साठलेलं काहीतरी मोकळं होत होतं. खूप दिवसांनी त्यांना आपल्या मैदानावर मजा येत होती.

मध्यंतराच्या आधी समोरच्यांनी गोल केला. तेव्हा आरोळी थांबेल असं काकांना वाटलं. ती वाढली. लोकांना हरण्यापेक्षा हसणं सोपं जात होतं. उत्तरार्धात संघाने जीव तोडला. बूट खिडकीवरून धाडधाड पळत गेले, काचेवर चिखल उडाला, काकांनी तो आतूनच पुसायचा प्रयत्न केला. आणि अगदी शेवटी, सगळी आशा सुटत आलेली असताना, रेफरीने बोट दाखवलं. पेनल्टी.

पेनल्टी घेणारा ठरलेला होता. नऊ नंबर.

काका उठून उभे राहिले, त्यांचं डोकं पाइपवर आपटलं, ते परत बसले. नऊ नंबरने चेंडू ठेवला. मैदान क्षणभर गप्प झालं. मग कोणाला तरी राहवलं नाही आणि वरून एक बारीक आवाज आला, “इस्त्री मोडेल हां.” सगळ्या पायऱ्या हसल्या आणि आरोळी पुन्हा उठली. आपल्याच लोकांची, आपल्याच माणसावर.

“गप्प बसा रे,” काका म्हणाले. “गप्प बसा. मारू दे त्याला.” पण ते काचेशी बोलत होते.

नऊ नंबरने एकदा चड्डीवर हात फिरवला, तिला खाली दाबल्यासारखा. मग धावला. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला.

संघ खालच्या गटात उतरला.

बऱ्याच वेळाने टोपली आली. काका तिच्याकडे न बघता नळ सोडून उभे होते. मेव्हण्याचा फोन वाजून बंद झाला. मग दारात नऊ नंबर दिसला, घरच्या कपड्यांत, खांद्याला पिशवी. त्याने जर्सी आणि चड्डी टोपलीत न टाकता टेबलावर ठेवली. चड्डीची धार मोडली होती. मागच्या बाजूला चिखल होता. तो सामन्यात कधी लागला ते काकांनी पाहिलंच नव्हतं.

“तुमच्या हातात द्यावी म्हटलं,” तो म्हणाला. “खुंटीवर पाहिली तेव्हा बरं वाटलं होतं, काका. म्हटलं, शेवटचा सामना आहे, काकांनी आज लक्ष घालून इस्त्री केली.”

काकांनी नळाखाली हात धरले.

“मग मैदानात गेल्यावर कळलं.”

“मुद्दामच केली,” काका म्हणाले.

“हो. कळलं ते,” तो म्हणाला. “मधे तुम्ही धूत नव्हता ना, तेव्हा मला वाटलं तुमचे डोळे गेले. राहून जातात कपडे. मॅनेजरला सांगितलं असतं तर तुम्हाला घरी बसवलं असतं. म्हणून शनिवारी सरावाला आलो की घरी नेऊन धूत होतो. मला जमत नाही नीट. साबण राहतो. दिवसभर खाज सुटायची.”

काकांनी नळ बंद केला. खोटं बोलायला वाट मोकळी होती. वय झालं, दिसत नाही, राहून गेलं, म्हटलं असतं तर पोराने ते खरं मानलं असतं आणि दोघंही सुटले असते.

“डोळे चांगले आहेत माझे,” काका म्हणाले.

नऊ नंबरने मान हलवली, हळूच, हिशेब लागल्यासारखी.

“पळत का नव्हतास रे?” काकांनी विचारलं. आवाज त्यांना चढवायचा होता, तो चढला नाही.

“पळालं की चेंडू येतो. आला की चुकतो. चुकलं की वरून ओरडतात.” तो खिडकीकडे बघत म्हणाला, “खालूनही ओरडतात. तुमचा आवाज ओळखतो मी.”

तो गेला. काका त्याच्या मागे दारापर्यंत आले. तेवढ्यात दरवान धापा टाकत आला. त्याचा चेहरा फुलला होता.

“काका, चल. सगळे फाटकाशी थांबलेत. तुला बोलावताहेत.”

“कशाला?”

“कशाला काय? अख्ख्या हंगामात एवढी एकच गोष्ट झकास झाली. लोक म्हणताहेत, क्लबमध्ये एकच मर्द, तो धुलाईखोलीत.”

दरवानाने दंड धरून त्यांना बाहेर ओढलं. फाटकाशी खरंच गर्दी होती. हरलेले, घसा बसलेले, घरी जायला तयार नसलेले लोक. त्यांनी काकांना पाहिलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. दोघातिघांनी त्यांना कमरेला धरून उचललं. काका म्हणाले, “अहो, खाली ठेवा, मला काम आहे.” कोणी ऐकलं नाही. एका दणकट माणसाच्या खांद्यावर ते बसवले गेले आणि खाली सगळीकडून “काका, काका” सुरू झालं. त्या वर्षी त्या मैदानावरून खांद्यावर बसून बाहेर निघालेला तो एकटाच माणूस.

वरून लांबपर्यंत दिसत होतं. बाजूच्या लहान दारातून नऊ नंबर बाहेर पडला आणि भिंतीच्या कडेने रस्त्याला लागला. काकांनी त्याला थांबवायला हात वर केला. लोकांना वाटलं, काका आपल्याला हात दाखवताहेत. ते आणखी जोरात ओरडले. नऊ नंबरने वळून पाहिलं, हात वर केलेल्या काकांना, खालच्या गर्दीला. मग त्याने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि चालू लागला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत काकांनी हात तसाच वर धरला होता.