उन्हातलं वादळ

"ताई, धावपट्टी दिसतेय मला! आकाश लख्ख आहे. चहा टाक!"

विमानतळाच्या रेडिओवर ताई म्हणायचं नसतं. पण धाकट्या भावाला नियम शिकवून आजवर कुणाचं भलं झालंय? आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. तो मोठा झाला, आणि इतका मोठा झाला की कित्येक वर्षांत बहिणीच्या घराची पायरी काही त्याला सापडली नाही. आज मित्राचं छोटं विमान घेऊन स्वारी येत होती. तिने सकाळीच पलंगावर नवी चादर घातली होती. मनासारखी बसेना म्हणून काढून पुन्हा घातली होती.

तिने धावपट्टीकडेच्या रेडिओखोलीच्या खिडकीबाहेर पाहिलं. ऊन होतं खरं, पण डोंगरामागे काळाकुट्ट ढग चढला होता आणि खांबावरची वाऱ्याची कापडी पिशवी गर्रकन उलटी फिरली. ढग लांब असला तरी त्याचा वारा पुढे धावतो. लहान विमानाला आधी वर उचलतो, मग खाली आपटतो. याच पट्टीच्या टोकाला, अशाच उन्हात आपटलेलं एक विमान तिने पाहिलं होतं. आकाश लख्ख आहे, असं त्याचा वैमानिकही म्हणाला होता.

तिचं काम फक्त वारा सांगायचं. उतरायचं की नाही, ते वैमानिकाने ठरवायचं. तिने वारा सांगितला.

"एवढ्याने काय होतंय? आलोच की!"

येऊ दे, असं तिला वाटलं. फार वाटलं.

"मागे फिर. पलीकडच्या तळावर उतर."

"हुकूम सोडायचा नाही हं, ताई. नियम आहे तुमचा."

"रेडिओवाली नाही सोडत. मोठी बहीण सोडतेय. गुमान फिर."



"बरं," तो शेवटी म्हणाला. लहानपणचाच रुसवा होता तो.

ढग मात्र डोंगरामागूनच निघून गेला. चार थेंब पडले आणि पुन्हा ऊन आलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "मग? आलं का तुझं वादळ?"

"कुठलं! चार थेंब पडले."

"गरजेल तो पडेल काय!" तो खो खो हसला. "विमान परत द्यायचंय गं. पुढच्या खेपेला बघू."

"पुढच्या खेपेला," ती म्हणाली. त्याची पुढची खेप तिला ठाऊक होती.

तिकडे तो कुणाला तरी सांगत होता, आमची ताई म्हणजे भित्री भागूबाई, आणि हसत होता. तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"हस," ती म्हणाली. "अजून हस."