आईच्या नावाचं ओझं

शाळेतून फोन आला तेव्हा चष्मेवाले दुकानात काच घासत होते. वर्गातल्या मुलांना इस्पितळ दाखवायला नेलं होतं. त्यांची मुलगी मात्र आत गेलीच नव्हती. बाहेरच्या पायरीवरच बसून राहिली होती.

मावशी तिला घरी घेऊन आली, तसे दुकान बंद करून आलेले चष्मेवाले कडाडले, "डॉक्टर व्हायचंय आणि इस्पितळाला घाबरतेस? आईला काय शब्द दिला होतास?"

पंधरा वर्षांची पोर खाली मान घालून उभी राहिली. गेल्या साली आई गेली, तेव्हापासून घरात उठता-बसता हेच पालुपद. चष्मेवाल्यांना वाटायचं, पोरीला ध्येय मिळालं, तिचं दुःख मार्गी लागलं. खरं तर मार्गी लागलं होतं ते त्यांचं स्वतःचं!

"भावोजी, शब्द तिनं दिला नव्हता," मावशी म्हणाली. "इस्पितळात ताईची शुद्ध हरपत होती, पोर हमसून रडत होती, आणि तुम्ही म्हणालात, 'सांग आईला, डॉक्टर होईन.' मी तिथंच होते."

"मग काय, पोरांना ध्येय नको? वाऱ्यावर सोडायचं?"

"ध्येय हवंच! पण तिचं तिला सापडलेलं. एकाच्या नंबरचा चष्मा दुसऱ्याच्या नाकावर चढवता का तुम्ही? आणि ठेचकाळला की त्यालाच रागावता?"

चष्मेवाले काही बोलणार, तोच मुलगी पुटपुटली, "बाबा, तिथं तोच वास येतो. वाटतं, आई अजून कुठल्यातरी खाटेवर असेल, आणि मी तिला न बघता पुढे निघून जाईन."

बाप तिच्यासमोर येऊन बसला. अरेरे! एवढं पोरीच्या मनात होतं, आणि आपण रोज त्याच दुखऱ्या जागी बोट ठेवत राहिलो!

"मग तुला काय व्हायचंय, बाळा?" हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारला.

"माहीत नाही. चालेल?"

जिभेवर आलेली दहा उत्तरं त्यांनी गिळली. "चालेल."

मग ती म्हणाली, "नकाशे काढायला आवडतात. पण ते काही काम असतं का?"

"मलाही नाही ठाऊक. जमीन मोजणारे एक गृहस्थ दुकानात येतात. रविवारी त्यांना विचारू. काय शिकावं लागतं, सुरुवात कुठून करायची, सगळं. नाही पटलं तर दुसरं बघू."

"आई रागावेल?"

"रागावलीच तर माझ्यावर रागावेल गं!" आई गेल्यानंतर बापलेक पहिल्यांदाच एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मावशीनं हळूच दार ओढून घेतलं.

रविवारी दोघं त्या गृहस्थांकडे गेले. मुलीनं आधी अडखळत, मग भराभर प्रश्न विचारले. घरी येऊन तिनं आपल्या गल्लीचा नकाशा काढायला घेतला. पुढे ती काय होईल, कोण सांगणार? पण पहिलं पाऊल तिचं स्वतःचं होतं.

वाचकहो, मुलांना लांबचा पल्ला गाठायला जरूर शिकवा, वाटेत हात द्या. पण आपलं न सोसवलेलं दुःख ध्येय म्हणून त्यांच्या पाठीवर लादू नका. ती बिचारी बोलत नाहीत. आपल्यावरच्या मायेपोटी वाकून चालत राहतात.