गोबाह आणि दोन खोकी

आमचे हे पाळक. विद्वत्ता डोंगराएवढी, उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी. विद्वत्तेचं कौतुक सगळी मंडळी करते. उंचीचा विषय मात्र घरात निघत नाही.

लग्नापासूनच्या प्रत्येक फोटोत मी खुर्चीवर आणि हे शेजारी उभे. नव्या माणसाला वाटावं, हिला पायच नाहीत. रस्त्यानं हे पुढे, मी मागून पोक काढून. "जरा वाकून चाल, लोक बघतात," असं हे लग्नानंतर एकदाच म्हणाले होते. ते मला अजून लागतं.

चर्चमध्ये व्यासपीठामागे, म्हणजे उपदेशाच्या उंच मेजामागे, एक खोकं असतं. त्यावर उभं राहिल्याशिवाय हे बाकांवरून दिसत नाहीत. ते खोकं गुपचूप सरकवणं माझं काम.

त्या रविवारी बिशप येणार होते. मोठ्या चर्चला पाळक हवा होता आणि हे गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते.

"आजचा विषय गोबाह," आरशापुढे कॉलर लावत हे म्हणाले. "हिब्रू शब्द आहे. गंधसरूच्या झाडाची उंची म्हणजे गोबाह, आभाळाची उंची गोबाह, आणि माणसाचा ताठा, तोही गोबाहच! बिशपांना कुठलं ठाऊक असायला?"

"सांगताना ताठा जरा कमी ठेवा."

"आज दोन खोकी लाव. माझ्यानंतर तिथं बिशप उभे राहणार, चांगले सहा फुटी. लोक तुलना करतात."

"अहो, डगमगेल."

"मी डगमगत नाही."

यांच्यापुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. मेणबत्त्यांचं पातळ फळ्यांचं खोकं आणून पहिल्यावर ठेवलं.

व्यासपीठ यांच्या कमरेला लागलं आणि हे रंगात आले. बायबलातल्या राक्षसी उंचीच्या गल्याथाला झोडपून झालं, गर्विष्ठ राजांना झोडपून झालं. "आणि माणूस जेव्हा स्वतःला उंच करतो..." म्हणत यांनी दोन्ही हात उंचावले, टाचाही उचलल्या. कडाड्! व्यासपीठ जागेवर, पाळक गायब.

आधी सगळ्यांच्या माना उंचावल्या. मग बिशपच पोट धरून हसायला लागले, म्हटल्यावर कुणी कुणाला आवरायचं? मीही हसले. खोटं कशाला बोलू?

"अगं, जरा ये," मागून आवाज आला.

पाय फळ्यांत अडकलेला, कॉलर निसटलेली. मी सोडवलं आणि डोळ्यांनी मागचं दार दाखवलं. यांनी नकाराची मान हलवली. माझा हात धरून लंगडत व्यासपीठापुढे आले, थेट जमिनीवर. सवयीनं मी पोक काढून उभी राहिले, वर गुडघेही वाकवले.

"हे काय करतेस?" हे पुटपुटले.

"लोक बघतात ना."

यांचे कान लाल झाले.

"बघू देत. सरळ उभी राहा."

मी सरळ झाले. पाठीत कळ आली आणि डोळे भरून आले. यांचं डोकं माझ्या खांद्याशी होतं.

"तर मंडळी," माझ्याकडे बोट दाखवून हे म्हणाले, "उंची म्हणजे ही. आणि ताठा..." यांनी मान वळवून व्यासपीठामागच्या मोडक्या फळ्यांकडे पाहिलं.

मोठं चर्च दुसऱ्यालाच मिळालं. बिशपांनी त्या दिवशी काढलेला फोटो मात्र पाठवला. त्यात आम्ही दोघंही उभे आहोत. यांनी टाचा थोड्या उचलल्यात, पण तेवढं चालायचंच.