कडीच अरुंद

गंगारामानं बारामतीच्या दवाखान्यात लेकीचे रिपोर्ट टेबलावर ठेवले. १९९६ चा मार्च होता. इंदापूर तालुक्यातल्या डाळजचा हा फिटर, उसाला पाइपलाइन टाकून द्यायचा. नऊ वर्षांच्या प्रियदर्शनीच्या काळजातली झडप जन्मापासून नीट उघडत नव्हती. चार पावलं चालली की तिचे ओठ जांभळे पडायचे. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन फुग्यानं झडप उघडू, असं मागच्या खेपेला ठरलं होतं. "तुला कुठं चिरायचं न्हाय, बाय," असा शब्द त्यानं लेकीला दिला होता.

पुण्याहून आलेले डॉक्टर कागद बघून म्हणाले, "फुगा चालणार नाही. झडप ज्या कडीत बसलीय, ती कडीच अरुंद आहे. छाती उघडून वाट रुंद करावी लागेल."

 पुढचं गंगारामाला ऐकूच येईना. त्याच्या बायकोनं, ताईबाईनं, लेकीच्या झग्याचं वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

जेवताना बाप रोज कामाचं बोलायचा, ते प्रियदर्शनीला पाठ होतं.

"आबा, पाइपच बारीक असला तर नुसता वाल्व बदलून भागत न्हाय, उकरावंच लागतं, असं तुमीच म्हणता ना?"

"व्हय, बाय."

"मग परत नीट बुजवत्यात ना?"

"वर ऊस उभा राहिला की कुठं उकरलं हुतं, ते मलाबी घावत न्हाय," गंगाराम म्हणाला.