तीनशेला चव्वेचाळीस

मित्रांनो, तुमच्या करंगळीच्या नखावर मावेन एवढा मी एक जुना राखणदार आहे. माझे नाव वॉचडॉग टायमर. नावात कुत्रा असला तरी मला ना शेपूट ना दात.

एका कारखान्यात मला हिरव्या पट्टीवर डकवले आणि ती पट्टी संगणकात बसून अंडी उबवणी केंद्रात आली. पेट्यांतली ऊब सांभाळायची, अंडी वेळच्या वेळी कलती करायची, हे त्या संगणकाचे काम. माझे काम त्याच्यावर लक्ष ठेवायचे. मला एक आकडा दिलेला असे. तिथून मी शून्याकडे उलटे मोजत जाई. संगणक शुद्धीवर असला की दर अर्ध्या मिनिटाला ‘मी जागा आहे’ असा निरोप धाडी आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. निरोप न येता मी शून्याला पोचलो, की समजायचे, स्वारी गोठली! मग मी तिला बंद करून नव्याने सुरू करत असे.

संगणकाचा सगळा कारभार पाहतो त्याला कर्नेल म्हणतात. त्याची भाषा वेगळी, माझी वेगळी. म्हणून आमच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम दुभाष्याचे काम करी.

माझा आकडा होता दोनशे सेकंद. सात वर्षांत मी नऊ वेळा संगणकाला जागे केले. केंद्र सांभाळणाऱ्या मावशी कौतुकाने म्हणत, “एवढासा जीव, पण गुणाचा हो!”

पुढे संगणकावर नवे काम आले. दर तासाला तापमानाची नोंद लिहायची आणि आठवड्याला सगळ्या नोंदी एकत्र करायच्या. लिहिण्यात गुंतला की तो निरोप धाडायला विसरे. तासाच्या नोंदीला मिनिटभर लागे, ते चालून जाई. आठवड्याच्या नोंदीला मात्र दोनशे सेकंदांहून जास्त लागले आणि मी इमानाने त्याला बंद केले.

“बिचारा राबतोय आणि हा मध्येच तंगडी ओढतो,” केंद्रातली विजेची कामे पाहणारे वायरमनदादा म्हणाले. “जरा दम धरायला शिकवू याला.” त्यांनी दोनशेचे तीनशे केले.

आणि नवल पाहा! त्या दिवसापासून मी दर तासाला संगणक बंद पाडू लागलो. तो पुन्हा सुरू होईपर्यंत पेट्या गार पडत. अंड्यांचा अठरावा दिवस होता. मावशींचा जीव टांगणीला लागला.

“दम वाढवला तर हा जास्तच पिसाळला की!” असे म्हणून दादांनी माझ्या तारेवरचे इवलेसे टोपण उपटून टाकले. आता मी कितीही ओरडलो तरी संगणकाला ऐकू जाणार नव्हते.

दुसऱ्याच दुपारी संगणक खरोखर गोठला, तोही हीटर चालू असताना. मी मोजले, शून्याला पोचलो, ओरडलो. काही उपयोग झाला नाही. मावशींनी सहज पेटीच्या काचेला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. वरचा ट्रे हातचा गेला. चाळीस अंडी होती त्यात. मावशी कितीतरी वेळ तो ट्रे हातात धरून उभ्या होत्या.

तिसऱ्या दिवशी त्यांची भाची आली. कर्नेलचे ड्रायव्हर दुरुस्त करणे हेच तिचे काम.

“हा खोडकर चिमणा काढूनच टाक,” मावशी म्हणाल्या.

“काढू गं. आधी त्याला विचारू तरी, का असं करतोस म्हणून.”

“त्याला काय तोंड आहे?”

“आहे की. घड्याळ घे हातात.”

तिने माझे टोपण परत बसवले, हीटर हाताच्या बटणावर घेतला आणि संगणकाकडून मला येणारा निरोप मुद्दाम अडवला. आकडा दोनशे ठेवला, तर मी बरोबर दोनशे सेकंदांनी संगणक बंद केला. अडीचशे ठेवला, अडीचशेने. मग तिने तीनशे घातले. मावशी घड्याळाच्या काट्यावर नजर लावून होत्या, तोच पडदा काळा!

“अगं, चव्वेचाळीसच झाले!”

भाचीचे डोळे चमकले. तिने दोनशे साठ घालून पाहिले. चार सेकंद!

मावशींचा जन्म अंडी मोजण्यात गेलेला. त्या पटकन म्हणाल्या, “दोन्ही वेळेला दोनशे छप्पन्नच गायब झाले गं! कुणी गिळले?”

“मावशी, सापडला चोर!” भाची हसून टाळी देत म्हणाली.

मित्रांनो, आकडा ठेवायच्या माझ्या खान्यात जास्तीत जास्त दोनशे पंचावन्नच मावतात. दोनशे छप्पन्न झाले की खाना पुन्हा शून्य होतो आणि उरलेलेच त्यात पडते. तीनशेपैकी माझ्या हाती चव्वेचाळीसच पडले होते, आणि मी तेच प्रामाणिकपणे मोजत होतो. ‘एवढे मावत नाही’ असे दुभाष्याने सांगायला हवे होते. तो तोंडदेखले ‘हो, तीनशे लावले’ सांगून मोकळा झाला.

भाचीने ड्रायव्हर दुरुस्त केला. आता जास्तीचा आकडा आला की तो साफ नाही म्हणतो. नोंद लिहिताना मध्येमध्ये निरोप धाडायलाही तिने संगणकाला शिकवले. वायरमनदादांनी फुंकर घालून माझ्यावरची धूळ उडवली. “माझंच चुकलं बाबा,” ते हळूच म्हणाले.

एकविसाव्या दिवशी उरलेली अंडी फुटली आणि खोली किलबिलाटाने भरून गेली.

मित्रांनो, एखादे मुके यंत्र त्रास देऊ लागले तर लगेच त्याचे तोंड बांधू नका. त्याला काय सांगितले गेले आणि त्याला किती पेलते, हे आधी शोधा. माझ्या बाबतीत त्या शोधाला एक घड्याळ आणि एक दुपार पुरली. ती दुपार दोन दिवस आधी आली असती, तर ती चाळीस पिल्लेही त्या खोलीत चिवचिवली असती.