कलशाआधी आलेली यात्रा

जोतिबाच्या डोंगरावर गुलाल आणि चांगभलंचा गजर एकदमच उडत होता. परदेशी मदतीतून वीस दुकानदारांना पक्की शेड मिळाली होती आणि प्रत्येक शेडसोबत कल्याणबाबांनी मंतरलेला तांब्याचा कलश.

"आषाढात दिवसाला दहा नारळ! आता शंभर!" बाबा माइकवर गरजले. "पैका साहेबांचा, पण त्यात जीव ओतला कलशानं!"

लोक बाबांच्या पायांवर लोटांगण घालत होते. मीही हात जोडले. कीर्तनाला बसलं की माझे डोळे आपोआप मिटतात. बाबांच्या गळ्यात तसलाच गोडवा होता.

मदत देणाऱ्या संस्थेचे साहेब खूश होते. शाहूवाडीच्या वस्त्यांवरून बाळंतिणींना दवाखान्यात नेणारी गाडी बंद करून तो पैसा आणखी शंभर दुकानांना आणि कलशांना द्यायचा, असा कागद त्यांच्यापुढं होता. सही तेवढी राहिली होती.

शेजारच्या शालनमावशीनं माझा दंड धरला. तिची सून अक्षता तिकडंच डोंगरात, नववा महिना लागलेली. "दादा, परवा तिला कळा सुटल्या तर?"

तेवढ्यात शाळेतल्या क्रांतीबाई उठल्या. "साहेब, कलश न घेतलेलं दुकान मोजलंत का?"

"ज्याची श्रद्धाच नाही, त्याचं काय मोजायचं?" बाबा हसले. सगळे हसले.

बाईंनी पायरीवर ताडपत्री टाकून बसलेल्या सयाजीला हाक मारली. त्याच्याकडं ना शेड, ना कलश.

"आषाढात किती नारळ खपायचे रे?"

"धाच की. पावसात कुत्रं फिरकत न्हाय इकडं."

"आणि आता?"

"शंभर जात्यात. चैताची यात्रा हाय बाई, आज दगड मांडला तरी खपंल!"

हसणं थांबलं.

"मोजणी पावसात सुरू केली आणि यात्रेत संपवली," बाई म्हणाल्या. "ही वाढ यात्रेची. मदतीनं किती वाढलं हे कळायला मदत मिळालेली आणि न मिळालेली दुकानं त्याच महिन्यांत मोजावी लागतात."

बाबांचा आवाज एकदम खाली आला. "देवाच्या दारात शंका घेता, बाई? डोंगर उतरताना सांभाळा."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं नाही. "अहवाल वर गेलाय," ते पुटपुटले.

शालनमावशी टेबलापाशी गेली. "साहेब, नारळ मोजलासा. गाडी आली न्हाय म्हणून वाटंत गेलेली बाय कोण मोजणार?"

सही त्या दिवशी टळली. कागद मात्र फाडला नाही. साहेबांच्या बॅगेतून तो डोंगर उतरला.

मी देव मानतो, टाळ वाजला की डोलतो. पण माझा देव नारळाचा खप वाढवत नाही. डोळे मिटायचे ते कीर्तनात. कुणी चमत्काराचा आकडा दाखवला, तर डोळे उघडून एवढंच विचारा: ज्याला काहीच मिळालं नाही, त्याचं काय झालं?